कोरेगाव स्टेशन संघाचा गोलकीपर आणि माझी बाकीची मिळकत

मी, आकाराम ज्योतिबा बर्गे, वय वर्षे एकसष्ट, माजी हवालदार, हल्ली धंदा शेती, राहणार कोरेगाव, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझ्या हृदयाला आता चढण सोसणार नाही असे साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. डोक्याविषयी त्यांची काही तक्रार नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही, मी नशापाणी केलेले नाही. पत्नी राहीबाई समोर शेंगा फोडत बसली आहे, पण अजून मध्ये बोललेली नाही. बोलली तर तेही लिहीन.

कलम १. राहते घर, परसू आणि दोन म्हशी राहीबाईच्या नावे कराव्यात. "आता तुमी आमच्याकडं चला" म्हणून तिला कोणी हलवू नये. हलायचे असेल तेव्हा ती कोणाला विचारणार नाही.

कलम २. उसाची तीन एकर जमीन, बैल आणि शेतीची सगळी अवजारे चिरंजीव कृष्णात यास, जो सध्या पलटणीबरोबर जम्मूला आहे. विहिरीकडचा अर्धा एकर, पाण्याच्या पाळीसह, मुलगी सुलाबाई हिला, जी कडेगावी दिली आहे. मुलीला जमीन कशाला, असे भावकी विचारील. लग्नाआधी माझ्याबरोबर पाण्याची दारे धरायला सुलाच येत होती, भावकी नव्हे.

कलम ३. आता मुख्य मिळकत. ती माझ्या लष्करी ट्रंकेत आहे आणि तिची सात-बाऱ्यावर नोंद नाही, म्हणून खुलासा करतो.

पलटणीत मी फुटबॉल खेळलो. पेन्शनीत आल्यावर गावात मैदान आखले, पुण्याहून चेंडू आणला. पोरे आली, त्यांनी चेंडू बाजूला ठेवला आणि आखलेल्या रेघांत कबड्डी खेळू लागली. तेव्हा मी पलटणीतल्या आमच्या कंपनीचा जुना शिंपी चांदसाहेब मुल्ला याच्याकडे गेलो. त्याचे तासगावात शिलाईचे दुकान आहे. दोघांनी मिळून १९६५ च्या गुढीपाडव्याला कागदावरची लीग काढली. अठरा गावांचे अठरा संघ, तीन वर्ग. प्रत्येक खेळाडूचा एक पुठ्ठा, त्यावर नाव, वय, आणि पळणे, लाथ व डोके यांचे आकडे. दोन फासे टाकायचे, आकडे मिळवायचे. गोल होतो किंवा होत नाही. दर पाडव्याला प्रत्येक खेळाडू वर्षाने मोठा होतो. बत्तिसाव्या वर्षानंतर त्याचा एकेक आकडा कमी होतो, आणि छत्तीस झाली की पुठ्ठा पत्र्याच्या डब्यात जातो. डब्यातून परत कोणी येत नाही.

संघ वाटायला चिठ्ठ्या टाकल्या. चांदसाहेबाला पहिल्या वर्गातले तासगाव आले. मला आले तिसऱ्या वर्गाच्या अगदी तळाचे कोरेगाव स्टेशन. तो म्हणाला, "बदलून घे गड्या, तुजं त्वांड बघवत न्हाई." मी नको म्हणालो. तेव्हापासून संघ मी चालवतो. कोणाला खेळवायचे, कोणाला बसवायचे, कोणाच्या बदल्यात कोणाला आणायचे, हे मी उसाला पाणी देताना ठरवत आलो. बारा वर्षांत तीनदा शेवटचे आलो, एकदा तिसरे. एवढे सुख मला हवालदारकीनेही दिले नाही.

कलम ४. हा संघ, म्हणजे चौदा पुठ्ठे, दोन फासे आणि पत्र्याचा डबा, मी राहीबाईस देतो. कृष्णातला नाही. गेल्या रजेत त्याने ट्रंक उघडून विचारले होते, "आबा, ही रद्दी बंबात घालू का?"

राहीबाईला लिहिता येत नाही, पण समोरच्या संघाचे फासे पहिल्यापासून तीच टाकते, आणि आम्ही तिसऱ्या वर्गात राहिलो याला तिचा हातही कारण आहे. तिला खेळाडू माझ्यापेक्षा जास्त कळतात. मागच्याच रविवारी म्हणाली, "आवं, त्या सिद्धूला बसवा की. तेहतीस सरली त्येची, लय दमलाय." मी बसवला नाही आणि चार गोलांनी हरलो. यंदाचे तीन सामने उरले आहेत आणि कोरेगाव स्टेशन दुसऱ्या क्रमांकावर आहे. पहिले दोन संघ वरच्या वर्गात जातात. मी असेन वा नसेन, सामने रविवारी व्हावेत. सुतक पाळायचे ते सोमवारपासून पाळावे. (येथे राहीबाई बोलली: "कायबी लिवू नगासा." लिहिले आहे.)

कलम ५. माझी पितळी शिट्टी चुलत भाऊ लालासाहेब यास द्यावी. सामन्यांचे निकाल मी पोस्टकार्डाने चांदसाहेबाला कळवतो. सहा वर्षांपूर्वी 'कोरेगाव १, रहिमतपूर ४' असे कार्ड लालासाहेबाने पोस्टात पाहिले, तो मटक्याचा आकडा समजला, आणि एक-चारवर पैसे लावून बुडाला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही, फक्त माझ्याविषयी बोलतो. शिट्टी वाजवताना माणसाला दुसरे काही बोलता येत नाही, म्हणून ही देणगी. मी रागावलेलो नाही. रहिमतपूरने आम्हाला चार गोल घातले याचा राग जास्त होता.

कलम ६. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले.

आमचा गोलकीपर धुळा. हा खरा माणूस होता. दहिवडीकडचा धनगर, आमच्याच कंपनीत. गोलात अनवाणी उभा राहायचा आणि पळते कोकरू धरावे तसा चेंडू पोटाशी धरायचा. चांदसाहेबाने त्याला जुन्या ब्लँकेटचा सदरा शिवून दिला होता. तो सदरा घातला की धुळा कोणाशी बोलत नसे. १९४४ साली इटलीत नदी ओलांडताना तो गेला. माझ्या हाताला लागून चालत होता. वय सव्वीस.

लीग काढली तेव्हा पहिला पुठ्ठा मी त्याचा कापला आणि वय सव्वीस घातले. पुढच्या पाडव्याला सगळ्यांची वये वाढवत त्याच्यापाशी आलो आणि मला सत्तावीस लिहवेना. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, अजूनही नाही.

लीगचे रजिस्टर चांदसाहेबाकडे असते. दर पाडव्याला मी त्याला सर्व वयांचा तक्ता पाठवतो, तो रजिस्टरात उतरवतो आणि 'तपासले, बरोबर आहे' असे कार्ड धाडतो. तक्त्यात धुळ्याच्या वयावर मी दर वर्षी शाईचा थेंब पाडला. बारा पाडवे, बारा थेंब. चांदसाहेबाने कधी विचारले नाही; तो आपला एकेक वर्ष वाढवत गेला असणार. त्या हिशेबाने धुळा आज अडतीस वर्षांचा आहे आणि दोन वर्षांपूर्वीच डब्यात गेला आहे. मी मात्र त्याला गोलात उभा करत आलो. कार्डावर फक्त गोल कळवायचे असतात, नावे नाहीत, म्हणून हे खपले. एवढी लबाडी करूनही आम्ही वर गेलो नाही, हे माझ्या बाजूने धरावे.

पण संघाचा मालक बदलला की सगळे पुठ्ठे रजिस्टराशी ताडायचे, असा आमचा नियम आहे. चांदसाहेब कापडात अर्धे बोट इकडचे तिकडे होऊ देत नाही. १९७१ साली फासा टेबलाच्या पायाला टेकून तिरका पडला, मी सहा धरले आणि तसे कळवले, तर त्याने आमचे दोन गुण कापले. तो धुळ्याला डब्यात घालील, आणि नियमाने त्याचेच बरोबर असेल. यंदाचे त्याचे कार्ड अजून आलेले नाही. मला वाटते त्याला संशय आला आहे.

मला मरणाचे भय वाटत नाही. त्या डब्याचे वाटते. चांदसाहेबास माझी विनंती की, लबाडीबद्दल कोरेगावचे हवे तेवढे गुण कापावेत, संघ पुन्हा तळाला टाकावा, पण धुळ्याला सव्वीसचाच राहू द्यावे. मी गेल्यावर धुळ्याला त्या वयात पाहिलेला माणूस चांदसाहेब एकटाच उरतो. तोंडाने सांगायचे धाडस मला बारा वर्षांत झाले नाही, म्हणून त्याला साक्षीला बोलावले आहे. साक्षीदार म्हणून त्याला हे वाचावे लागेल.

याखेरीज माझी कसलीही मिळकत नाही व कोणाशी भांडण शिल्लक नाही. वर लिहिले ते सर्व मला समजले आहे आणि मान्य आहे.

ठिकाण : कोरेगाव
दिनांक : १० एप्रिल १९७७, रविवार

सही : आकाराम ज्योतिबा बर्गे

साक्षीदार पहिले : हंबीरराव फाळके, निवृत्त पोस्टमन, राहणार कोरेगाव. मृत्युपत्र करणाराने माझ्यादेखत सही केली. (सर्व कार्डे मी वाटेत वाचत होतो, हे या निमित्ताने कबूल करतो.)

साक्षीदार दुसरे : चांदसाहेब इमाम मुल्ला, शिंपी, राहणार तासगाव, जिल्हा सांगली. सहीखाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले ते असे :

आकारामनं माज्या म्होरं सही केली. सहावं कलम वाचलं. गड्या, शाई सांडायची काय गरज न्हवती. मी एकबी वरीस वाढवलं न्हाई. रजिस्टर संगं आणलंय, राहीवैनींना दावलंय. बाराच्या बारा पाडव्याला माज्या हातचं सव्वीसच हाय. मला वाटायचं, तूच वाढवत असशील आन मला कळू नये म्हणून थेंब पाडत असशील. ज्येच्या अंगाचं माप घेतलं त्येला मी कसा इसरंन? गुण कापत न्हाई. फाशाचं दोन गुण मातर परत मिळणार न्हाईत.

यंदाचं कार्ड द्यायचं ऱ्हायलं हुतं, त्ये हितंच लिवतो. धुळा, गोलकीपर, कोरेगाव स्टेशन. छाती छत्तीस, बाही तेवीस, वय सव्वीस. तपासले, बरोबर आहे.