चष्म्याच्या दुकानाची जाहिरात

३ सप्टेंबर
विशाखाचं मन पुण्याकडं ओढ घेतंय. लोह्यात चष्म्याचं दुकान टाकून तीन महिने झाले, गिऱ्हाईक रोज एखादं. पुण्याच्या दवाखान्यात नोकरी तयार आहे, महिनाअखेर कळवायचंय. पोरगी शिकून गावी आली आणि आता परत जाणार? तिला जाऊ द्यायला माझं मन होईना. म्हटलं, जाहिरात मी लिहितो. तीस वर्षं कचेरीत नोटिसा लिहिण्यावाचून दुसरं केलं काय!

५ सप्टेंबर
लिहिली! ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, नेत्रतपासणी सुरू असून गरजूंनी विहित वेळेत उपस्थित राहावे.’ दोन हजार कागद पेपरात घालून वाटले.

८ सप्टेंबर
फजिती. सकाळी आठलाच पन्नास माणसं रांगेत, प्रत्येकाच्या हातात आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो! सगळ्यांना वाटलं सरकारी शिबिर आहे, चष्मे फुकट. विशाखानं दिवसभर डोळे तपासले. चष्मा एकानंही घेतला नाही.

शेजारचे शिलाई मशीनवाले गुलाम रसूल म्हणाले, “रेणुकादासराव, ही जाहिरात हाय का समन्स? मलाच भ्या वाटलं.” मी चिडलो. घरी येऊन पुन्हा वाचली. खरंच की!

९ सप्टेंबर
आजपासून दुकानात नुसतं बसून ऐकायचं. बोलायचं नाही. (अवघड आहे.)

१२ सप्टेंबर
‘नेत्र’ असं कुणी म्हणतच नाही! एक आजोबा म्हणाले, मोबाईलवर नातवाचा फोटो कळतो, खालचं लिहिलेलं न्हाई. मग भाजीवाल्या दानम्मा — “तांदळातला खडा आता दातालाच कळून राहिला, डोळ्याला न्हाई.” मी ते पावतीच्या मागं उतरवून घेतलं.

१३ सप्टेंबर
नवी जाहिरात. ‘तांदळातला खडा दातालाच कळतो? या, डोळे तपासू. तपासणी फुकट, चष्मा विकत. — विशाखा’. दानम्मांना विचारूनच छापली. गुलाम रसूल म्हणाले, “आता कसं! आमच्या घरातलंच बोलणं हाय हे.”

२४ सप्टेंबर
आठवड्यात एकतीस चष्मे. लोक दात दाखवतच आत येतात.

२८ सप्टेंबर
विशाखानं पुण्याला नाही म्हणून कळवलं! मला पेढे आणायला धाडलं. कमी पडले, पुन्हा गेलो.

३० सप्टेंबर
आज दुकानाच्या रांगेत मालविका बसलेली. माझी बायको! वर्षभर नीट वाचता येत नाही म्हणे. जाहिरातही तिला दानम्मांनी नवा चष्मा लावून वाचून दाखवली. विचारलं, बोलली का नाहीस? म्हणाली, “दुकान चालत नव्हतं. त्यात घरचं फुकटचं गिऱ्हाईक कशाला?” मला फार लाज वाटली. तिची बारी येईपर्यंत शेजारी बसून राहिलो.