भेगेवरची काच

३ मार्च, मंगळवार

आणि वर मलाच म्हणतो — "बाई, तुमचं काम झाडायचं. पुलाकडे बघायला माणसं आहेत." कुठं आहेत ती माणसं? दाखव की एखादं! अकरा वर्षं झाडतेय मी हा रस्त्यावरचा पायी जायचा पूल. मान वर करून खांबाकडे बघणारा एक माणूस पाहिला नाही. सगळे आपले दवाखाना गाठायच्या घाईत.

पालिकेच्या ऑफिसात तिसऱ्यांदा गेले आज. तोच चष्मेवाला कारकून. "तोंडी तक्रार चालत नाही, लिहून आणा." म्हटलं, लिहिणं मला जमत नाही. तर म्हणे, "मग पूल पडला की या!" हसला पण मेला.

चौथी शिकलेय मी. अक्षर कोंबडीचे पाय. पण लिहीन. लेक सासरी गेली तेव्हा तिची ही वही मागं राहिली होती, निम्मी कोरी. तिच्यातच लिहिणार. बघतेच आता!

४ मार्च, बुधवार

पहिल्या खांबाला वरच्या अंगाला भेग आहे. जिना टेकतो तिथं. आणि बरोबर तिच्याखाली आमचे हे पेटी मांडून चपला शिवत बसतात. एकोणीस वर्षं तीच जागा. त्यांच्याच स्टुलावर चढून बघितलं. खराट्याची काडी आत जात नाही. नख जातं.

"उतर खाली," म्हणाले. "गिऱ्हाईक बघतंय."

"बघू दे. गिऱ्हाइकाच्याच डोक्यावर पडणार आहे."

"तू वीस-पंचवीस वर्षं डोक्यावर बसलीयेस, मी पडलो का?"

सगळे हसले. मलाही हसू आलं. तेवढ्यावरच विषय बुडवला.

६ मार्च, शुक्रवार

काडी टोकाला जराशी शिरते.

९ मार्च, सोमवार

काडी गेली! आरपार नाही, पण बोटाच्या पेराएवढी गेली. मोडून तिथंच ठेवलीय.

१० मार्च, मंगळवार

अर्ज लिहिला. चार ओळींना अख्खी सकाळ. चष्मेवाल्यानं वाचला, परत वाचला. "ही काडी म्हणजे काय?" म्हटलं, खराट्याची. तुमच्याकडे दुसरं माप असेल तर तुम्ही घेऊन या. शिक्का मारून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठले नाही.

१२ मार्च, गुरुवार

आली! इंजिनीयर आली. पोरगीच आहे, आमच्या लेकीएवढी. डोक्यावर पिवळं टोपडं. मला म्हणाली, "मावशी, काडीचं माप तुमचंच का? चांगलं केलंत." अकरा वर्षांत या पुलावर मला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं.

तिनं भेगेवर आडवी काचेची पट्टी लावली, बोटभर रुंद. दोन्ही टोकांना प्लास्टरचे गोळे, दगडासारखे घट्ट. गोळ्यावर काळ्या रंगानं तारीख घातली. म्हणाली, "भेग जुनी असेल तर काळजी नाही. पण हलत असेल तर काच तडकेल. काच वाकत नाही, ताणत नाही, खोटं बोलत नाही. तडकलेली दिसली की ऑफिसात सांगा, त्याच दिवशी पूल बंद. मी सव्वीसला दहा वाजता बघायला येते."

हे खाली बसून ऐकत होते. हातातली चप्पल तशीच.

रात्री जेवताना मात्र फुटले. "पूल बंद झाला की माझ्याकडे येणार कोण? विमानातून येणार का चपला घेऊन? तुला बरं आहे, तुला दुसरा पूल देतील झाडायला."

म्हटलं, जीव राहिला तर बसाल कुठंतरी.

"कुठंतरी!" म्हणाले. ताट सरकवलं.

१३ मार्च, शुक्रवार

काच शाबूत. यांचं तोंड फुगलेलं. गिऱ्हाइकांशी मात्र तोंडाचा पट्टा चालू. दवाखान्यातल्या एका नर्सबाईच्या सँडलचा तळ चिकटवत होते. "बाई, हे सोल्यूशन म्हणजे रबर. पाय वाकला तर हे ताणतं, पण सोडत नाही. बिनधास्त चाला!" लग्न झाल्यापासून ऐकतेय हे भाषण.

१४ मार्च, शनिवार

काच शाबूत.

१६ मार्च, सोमवार

काल लेकीकडे राहिले होते. आज घरी येऊन बघते तर सासूबाईंच्या फोटोची काच नाही! नुसता कागद चौकटीत.

"निसटली हातातून."

जमिनीवर एक कण दिसला नाही. एवढी झाडपूस हा माणूस कधी शिकला? पंचवीस वर्षांत उष्टं ताट उचललं नाही! असो. सासूबाई होत्या तेव्हाही त्यांना ऊन-वारा आवडायचा.

पूल — काच शाबूत.

१८ मार्च, बुधवार

काच शाबूत. पण पट्टीच्या खाली, वितीवर, भेगेत आज दोन काड्या एकदम गेल्या! दोन! मग काच कशी तडकली नाही? माझ्या काड्या बारीक झाल्या की माझं डोकं?

यांना सांगितलं. म्हणाले, "काच म्हणाली ना सगळं ठीक? मग? शिकलेल्या बाईवर विश्वास नाही तुझा?" आणि हसले. बऱ्याच दिवसांनी. मला ते हसणं गोड नाही वाटलं.

२० मार्च, शुक्रवार

ऑफिसात गेले. चष्मेवाला विचारतो, "काच तडकली?" नाही. "मग काय सांगायला आलात?" दोन काड्या. "बाई, काच मोठी की काडी मोठी?"

तोंडात मारल्यासारखी परत आले. जिन्यावर एक गरोदर बाई धापा टाकत चढत होती. तिचा हात धरून वरपर्यंत नेलं.

२३ मार्च, सोमवार

झोप नाही. जेवण नाही. काम करताना नजर तिकडेच जाते. तीन काड्या. काच शाबूत!

यांना म्हटलं, चार दिवस पेटी पलीकडच्या कोपऱ्यावर मांडा, माझ्यासाठी. म्हणाले, "तुझ्यासाठीच बसलोय इथं." एवढंच. मग कितीतरी वेळ चपला शिवायची आरी पुसत बसले. स्वच्छ होती, तरी पुसत बसले.

२५ मार्च, बुधवार

हे पान मी फाडून तुमच्या पेटीत ठेवणार आहे, आरीखाली. तुम्ही माल आणायला गेलात म्हणून स्टुलावर चढले. काच पुसायला. पुसताना पट्टी फडक्याखाली हलली. गोळे तेच, तारीख तीच; पण प्लास्टरमध्ये बसलेली काच हलते का कधी? नाक लावलं. सोल्यूशन! तुमच्या शर्टाला, उशीला, हाताला जो वास, तोच. काचेची एक कड वाकडी, आणि वरच्या कोपऱ्यात सासूबाईंच्या चौकटीचा तपकिरी रंग लागलेला.

म्हणजे पोरीची काच तडकली होती. मी लेकीकडे होते तेव्हा. आणि तुम्ही रबरानं दुसरी चिकटवलीत! ती आता पूल पडेपर्यंत तडकणार नाही. आणि खाली बसतं कोण? तुम्हीच!

ऑफिसला आज सुट्टीचं कुलूप आहे. म्हणून दोन्ही जिन्यांना खराटा आणि बादली आडवी घालून मी पायरीवर बसलेय. माणसं शिव्या देतायत. देऊ देत. एकालाही वर सोडणार नाही.

उद्या गुरुवार. पोरगी दहाला येते. नऊच्या आत मला सांगा — काच कुणी बदलली हे तिला तुम्ही सांगताय, की मी?