बाटली उभीच ठेवायची

२ जुलै
आजपासून बुचाच्या मशीनवर मी! कालपर्यंत नुसती खोकी चिकटवत होते. आता धुतलेली, भरलेली बाटली माझ्यापुढं येते, मी ती मशीनखाली सरकवते — खट्! बूच आत. दिवसभर तेच, तरी कंटाळा नाही.

पण सांगू कुणाला? घरच्यांच्या लेखी मी येडशीजवळच्या सरबताच्या कारखान्यात जाते! कारखाना वाईनचा आहे हे अब्बांना कळलं तर त्याच दिवशी नोकरी बंद.

३ जुलै
अकलेचे तारे तोडले. बूच मारलेल्या बाटल्या लगेच आडव्या रचल्या — जागा वाचेल म्हणून! आमचे सुपरवायझर बब्रुवानकाका धावतच आले. "अगं फलक, बूच फुगून बसू दे की! दिवसभर उभीच ठेवायची असती!" तोवर दोन पाझरल्या. लाल वाईन थेट माझ्या ओढणीवर. नळाखाली चोळली तर डाग आणखी पसरला.

घरी अब्बा दारातच. "कायका डाग है ये?"

"जांभळं खाल्ली."

जेवताना ते स्वतःचंच सांगत बसले — टेम्पोला नवं भाडं मिळालंय, सोलापूरला काचेचं सामान न्यायचं, खड्डा आला की जीव मुठीत. अम्मी खूश.

५ जुलै
अम्मीनं मीठ लावून ओढणी धुतली. डाग साफ! वाळत घालताना म्हणाली, "जामुन का डाग इत्ता जल्दी नै जाता गे." आणि आत गेली. म्हणजे काय? ओळखलं? मग विचारत का नाही?

६ जुलै
सांगून टाकावं का? की नोकरीच सोडावी? नाही सोडणार! आयुष्यात पहिल्यांदा कशावर तरी हात बसलाय.

पण अब्बांसमोर खोटं बोलताना लाज वाटते. फार वाटते.

७ जुलै
लेबलं लावली. तीन वाकडी. लक्षच नाही.

८ जुलै
सोलापूरचा माल निघाला. खोकं उचलून मी बाहेर आले. टेम्पो मागं मागं येत दाराशी लागला — हिरवी ताडपत्री, फळीवर 'जमिलाबी', अम्मीचं नाव. खाली उतरले ते अब्बाच!

हातात भरलेलं खोकं, पळणार कुठं? उभीच राहिले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग खोक्याकडं. पुढं होऊन ते माझ्या हातातून घेतलं, नीट आत ठेवलं. मग हळूच म्हणाले, "अम्मीकू नक्को बोल, हां."