मैना गल्ली

४ मार्च, सोमवार

संपलं! चारशे बारा भांडणं होती, आज शेवटचं मिटलं.

भांडणं नकाशांची. रस्ते खातं म्हणतं इथे वळण आहे, पाणी खातं म्हणतं सरळ आहे, वीजवाल्यांच्या मते तिथे रस्ताच नाही. मोजणीवाल्यांचं तर अख्खं शहर बारा पावलं पूर्वेला सरकलेलं — आणि वर म्हणणार, आमचं बरोबर आहे, शहर चुकलंय. दीड वर्ष या समन्वय कक्षात बसून सात खात्यांचे नकाशे एकावर एक बसवतोय. कक्ष म्हणजे जुनी अडगळीची खोली, खिडकी जिन्यात उघडते. येणारा-जाणारा डोकावून विचारतो, जन्माचे दाखले इथेच का?

सगळं निभलं ते एका नियमामुळे. गल्ली एकाच खात्याच्या नकाशात असेल तर माणूस पाठवून जागेवर बघायचं. दोन खात्यांच्या नकाशात असेल तर पक्की, बघायला जायचं नाही. नियम माझा. साहेबांनी बैठकीत दोनदा कौतुक केलं. नाहीतर एवढ्या गल्ल्या कोण पायी तुडवणार होतं?

निवृत्तीला तीन महिने राहिले. जाता जाता एक काम नीट झालं म्हणायचं.

६ मार्च, बुधवार

पाणीवाल्या बाईंनी आज स्वतःहून चहा पाजला. दीड वर्षात पहिल्यांदा!

११ मार्च, सोमवार

आजपासून रुग्णवाहिकांना आपला नकाशा. म्हणजे मैनालाच की! ती तिथल्या नियंत्रण कक्षात फोनवर असते — लोकांचे फोन घ्यायचे, जवळची गाडी कुठली ते बघायचं, चालकाला रस्ता सांगायचा. आता तिच्या पडद्यावर बापाचा नकाशा. संध्याकाळी घरी आली तर विचारलं, कसा आहे? म्हणाली, रंग जरा भडक आहेत. ही स्वयंपाकघरातून हसली. मायलेकी एकाच माळेचे मणी.

पण जेवताना म्हणाली, जुना नकाशा एका पुलावर गाड्या पाठवायचा, तो पूल पडून सहा वर्षं झालीत. आता तसं होत नाही, बाबा. मी दोन घास जास्त जेवलो.

१५ मार्च, शुक्रवार

मैना दुपारीच घरी आली. चप्पल काढून सरळ आतल्या खोलीत. हिने तीनदा हाक मारली तेव्हा दार उघडलं. एका म्हाताऱ्याला झटका आला होता. गाडी अकरा मिनिटं उशिरा पोचली. जीव वाचला, पण डावी बाजू गेली, बोलताही येत नाही. चौकशी होईतो तिला कामावर येऊ नको म्हणून सांगितलंय.

कशामुळे उशीर, विचारलं. तर म्हणाली, रस्ता चुकला.

१६ मार्च, शनिवार

साहेबांचा फोन. गाडी अडकली त्या गल्लीचं नाव सांगितलं.

मैना गल्ली.



१७ मार्च, रविवार

इथे तरी खरं लिहितो.

अशी गल्ली नाही. कधीच नव्हती. ती मी काढली — बावीस वर्षांपूर्वी, रस्ते खात्यात आरेखक होतो तेव्हा. आमच्या थोरल्या साहेबांना संशय होता की पाणी खातं आमचे नकाशे चोरून उतरवतं आणि स्वतःचे म्हणून मिरवतं. विचारलं तर कानावर हात. मग साहेबांनी मला बोलावून दार लावून घेतलं. नकाशात कुठेतरी एक खोटी गल्ली घाल, छोटीशी, कुणाला अडचण होणार नाही अशी. त्यांच्या नकाशात ती दिसली की पकडतो बघ.

शीट पुरी करायला घरी आणली होती. जेवणाच्या टेबलावर पसरली होती. लाकडाच्या वखारीमागे बोटभर जागा दिसली, तिथे काढली. नाव सुचेना. पाच वर्षांची मैना टेबलाखाली चमच्यांशी खेळत होती. तिचं नाव घातलं. पाळण्यातलं नव्हे, घरातलं, म्हणजे कुणाच्या लक्षात येणार नाही.

वर्षभरात थोरल्या साहेबांची बदली झाली. चोर पकडायचा राहिला. गल्ली पुसायचीही राहिली. ते वारून आता चार वर्षं झाली, म्हणजे हे ठाऊक असलेला मी एकटा.

आणि चोरी झालीच होती! पाण्याच्या नकाशात ती आहे. पाण्यावरून विजेच्या नकाशात गेली. तीन खाती एकमताने खोटी, आणि माझा नियम म्हणतो, दोन असले की पक्की. दुसऱ्यासाठी खड्डा खणला, त्यात पोरगी पडली. पडून राहिलाय तो कुणाचा तरी म्हातारा.

१८ मार्च, सोमवार

मैनाचा जबाब झाला. काय विचारलं, काय सांगितलंस? तर खांदे उडवले.

मी रजा टाकून वखारीवर गेलो. या शहराच्या कितीतरी गल्ल्या मी कागदावर सरळ केल्या, पण इथे आयुष्यात पहिल्यांदा पाऊल ठेवलं. उंटावरून शेळ्या हाकल्या सगळ्या.

मागे भिंत आहे. डोक्याहून हातभर उंच, वर काचा लावलेल्या. वखारीचा राखणदार बोलका निघाला. गाडी आवाज करत आली, लाकडांच्या ढिगापाशी थांबली, माणसं उतरून भिंतीकडे बघत उभी राहिली म्हणाला. म्हाताऱ्याचं घर बरोबर भिंतीपलीकडे. त्याची बायको तिकडून हाका मारत होती, इकडे या, इकडे या. आणि हे इकडून ओरडत होते, रस्ता कुठे आहे? मधे एवढीशी भिंत. शेवटी गाडी मागे घेऊन मोठ्या रस्त्याने वळसा घालून गेली.

मी भिंतीला हात लावून बघितला. का, ते माहीत नाही. मग पलीकडे गेलो, मोठ्या रस्त्याने. घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, आजी इस्पितळातच राहते, डबा आम्ही पोचवतो. तुम्ही कोण त्यांचे? मी म्हटलं, ऑफिसातला. काय खोटं होतं त्यात? तरी मान वर झाली नाही.

२० मार्च, बुधवार

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं. माझ्या नोकरीत दार लावून झालेलं एकही काम सरळ निघालेलं नाही.

वाईट माणूस नाही. माझ्यासाठी पाणी मागवलं. म्हणाले, तुमचे तीन महिने राहिलेत, कशाला हात दाखवून अवलक्षण? गल्ली पुसून टाका, जुनी चुकीची नोंद म्हणून एक ओळ लिहा. कुणी केली ते कोण विचारतंय? बावीस वर्षांपूर्वीचं. मी म्हटलं, आणि मैना? म्हणाले, तरुण आहे, दुसरीकडे लागेल.

गल्ली पुसायला एक मिनिट लागतं. पडद्यावर निवडली. लाल झाली. बोट तसंच ठेवून बसलो. मग संगणक बंद केला.

२१ मार्च, गुरुवार

लिहवत नाही.

२२ मार्च, शुक्रवार

हिला सांगितलं. मला वाटलं रडेल, चिडेल. ही भाजी निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "अख्ख्या शहराचा नकाशा नीट करायला दीड वर्ष घेतलंत. एवढंसं सांगायला किती घेणार आहात?"

मी म्हटलं, निवृत्तीच्या तोंडावर नाचक्की होईल. ही म्हणाली, झाली तर दोघं मिळून सोसू. पोरीने एकटीने का सोसायची?

तीस वर्षं वाटत होतं, या घरात मी शहाणा!

२५ मार्च, सोमवार

सात खात्यांची बैठक. चौकशी अधिकारीही होते. मी लिहून नेलं होतं ते उभं राहून वाचलं. थोरल्या साहेबांनी सांगितलं म्हणून केलं, असं आधी लिहिलं होतं. सकाळी खोडलं. हात माझा होता.

वाचून झालं. मोजणीवाला खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं आता हसतील, दीड वर्ष आम्हाला शहाणपण शिकवणारा हाच का तो.

तर पाणीवाल्या बाई उठल्या. चष्मा काढून पुसला. "तुमची शीट काचेवर ठेवून, खाली दिवा लावून मीच उतरवली होती," म्हणाल्या. "नोकरीला लागून महिना झाला होता. अख्ख्या गल्लीत व्हॉल्व्ह कसा नाही, म्हणून साहेब ओरडतील, तर एक व्हॉल्व्हही काढला." वीजवाल्याने खाली बघत कबूल केलं की त्यांनी त्या गल्लीत दोन खांब दाखवलेत, आणि दर वर्षी त्यांची पाहणी झाल्याची नोंदही आहे.

आधी मोजणीवाला हसला, मग सगळेच. मी पण. आणि हसता हसताच भिंतीपलीकडच्या त्या हाका आठवल्या. सगळे एकदमच गप्प झालो, म्हणजे त्यांनाही काहीतरी आठवलं असणार.

ठरलं ते असं. माझा नियम रद्द. प्रत्येक गल्ली माणूस पाठवून बघायची, आणि बघणाऱ्याचं नाव नकाशात लिहायचं. प्रत्येक खातं दोन माणसं देणार. बाई स्वतः येणार म्हणाल्या, गुडघा दुखतो तरी. माझी चौकशी वेगळी होईल. होऊ दे.

घरी येताना पाय हलके होते. मैना सुटली, असंच मनात.

२७ मार्च, बुधवार

इस्पितळात गेलो. या वेळी कोण ते सांगितलं. आजींनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, ह्यांना थोडं बसवायचंय, एकटीला उचलत नाहीत, तुम्ही तिकडून धरा. धरलं. म्हाताऱ्याने उजव्या हाताने माझी बाही घट्ट पकडली, सोडेचना. उद्या पुन्हा जाणार आहे.

२९ मार्च, शुक्रवार

मैना सुटली नाही.

चौकशी अधिकाऱ्यांनी मला बोलावून त्या दिवसाचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. भला माणूस आहे, ऐकवायचं बंधन नव्हतं. म्हणाले, नकाशा खोटा होता हे मान्य. पण पडद्यावर दोन रस्ते दिसत होते, एक मोठा रस्ता, एक ही गल्ली. आणि चालक त्या भागात पंधरा वर्षं गाडी चालवतोय. चालक नाही म्हणाला तर त्याचं ऐकायचं, असा नियंत्रण कक्षाचा लेखी नियम आहे.

चालकाचा आवाज: ताई, तिथे गल्ली नाही. मोठ्या रस्त्याने घेतो.

मग माझ्या मैनाचा आवाज, न अडखळता: "आहे. मला माहीत आहे ती गल्ली. जा."

अधिकारी म्हणाले, ती त्या भागात कधी गेलेली नाही, हे तिनेच लिहून दिलंय. मग माहीत कशी? तीनदा विचारलं, उत्तर देत नाही. उत्तर नाही तर मला तिच्याविरुद्ध लिहावं लागेल. सोमवारपर्यंत थांबतो.

घरी येऊन मीही विचारलं. तिने मान फिरवली. एवढा हटवादीपणा कुणाचा आला हिच्यात? रागावलो तिच्यावर. नको ते बोललो. कामावर बसून फुशारकी मारायची आणि मग तोंड शिवून घ्यायचं, असं म्हणालो.

१ एप्रिल, सोमवार

मैनाने राजीनामा दिला. मला विचारलंही नाही.

२ एप्रिल, मंगळवार

कपड्यांच्या घड्या घालता घालता आज आपणहून बोलली. माझ्याकडे बघत नव्हती.

"तुम्ही टेबलावर मोठा कागद पसरला होतात, बाबा. मला खालून उचलून मांडीवर घेतलंत आणि बोट ठेवून दाखवलंत. ही तुझी गल्ली. इथून गेलं की लवकर पोचतो."

मग चौकशीत सांगितलं का नाहीस, विचारलं. म्हणाली, तुमच्या माथी आधीच पुष्कळ आलंय.

मी म्हणालो असेन तसं. मला आठवत नाही.