बारा पिलं माझी, बारा सासूबाईंची

३ मार्च
जिंकले! म्हणजे अर्धं. आजवर आमच्याकडे डुकराची पिलं आईपासून तोडली की त्यांच्या खाद्यात, जुलाब होऊ नयेत म्हणून, जंतू मारायचं औषध पडायचंच — आजारी असोत, नसोत. मी म्हणाले, बिनऔषधाची वाढवून दाखवते. गुरांच्या डॉक्टरीणबाई माझ्या बाजूने — "रोज दिलं तर जंतू औषधाला सरावतात. खरी गरज पडेल तेव्हा काय देणार?"
सासूबाईंची तीस वर्षं याच शेडमध्ये गेलीत. त्यांनी चोवीस पिलं दोनदा मोजली. मग, "बारा तुझी, बारा माझी. तुझं एक जरी दगावलं तरी हे थेर बंद."

६ मार्च
माझ्या कप्प्यात पहिलं आंबवलेलं खाद्य! भरडलेलं धान्य, पाणी, दह्याची निवळ — दोन दिवस पिंपात. पोटातले चांगले जंतू त्याने वाढतात म्हणे. नवरा नाक दाबून म्हणाला, "हा वास राहिला तर मी माहेरी जातो." पिलं मात्र तुटून पडली. एक तर कुंडात उभं राहूनच जेवलं.

९ मार्च
सगळ्यात लहान — टिचकी — तिला जुलाब. धावत जाऊन फोन लावला. डॉक्टरीणबाई फोनवर शांत. "वेगळी ठेव, ऊब दे, मीठ-साखरेचं पाणी पाज. उद्या उठली नाही तर तिला एकटीला औषध देऊ. आजाऱ्याला द्यायचंच की. सगळ्यांना उगाच नको." सासूबाई डोकावून गेल्या.  जुलाबापेक्षा त्यांचीच जास्त भीती वाटली.

१० मार्च
टिचकी उठली. माझ्या बुटाची नाडी खाल्ली. खाऊ दे, दुसरीही खाऊ दे!

१९ मार्च
माझी बारा नुसती उंडारतात. कान पकडून बाजूला करावं तर किंचाळून शेड डोक्यावर घेतात. सासूबाईंची बाराही तशीच टवटवीत. जरा जळले. खोटं कशाला लिहू?

२ एप्रिल
वजनं झाली. बाराच्या बारा जिवंत, आणि दोन्ही कप्प्यांची सरासरी अगदी सारखी! औषधवाल्यांइतकीच माझी बिनऔषधाची! वजनकाट्यावर मीही उडी मारून आले. काटा काय बोलला ते इथे लिहिणार नाही.

३ एप्रिल
डॉक्टरीणबाई नोंद करायला आल्या. सासूबाईंना विचारलं, "तुमच्या कप्प्यात औषध किती लागलं?"
"चार दिवसांचं. पुढे एक चमचाही नाही. हिची खेळत होती, माझी मरगळलेली. मी काय आंधळी आहे? हिच्याच पिंपातलं घालत होते."
मी म्हणाले, "मग मला सांगितलं का नाही?"
"डोक्यावर बसली असतीस."
नाही बसले. शेडमागे जाऊन एकटीच नाचले.