म्हणणे : निरंक

४ मार्च

झालं एकदाचं उद्घाटन! साहेबांनी फीत कापली, आम्ही टाळ्या वाजवल्या. लॉन्ड्रीतल्या प्रत्येक मशीनला आता लाल बटण. काही धोका वाटला तर कुणीही दाबावं, कुणी जाब विचारणार नाही. शिवाय रोज पाळी सुरू होताना पाच मिनिटं 'मोकळं बोला'. बायकांनी बोलायचं, मी सुपरवायझर म्हणून रजिस्टरात 'म्हणणे' या रकान्यात लिहायचं. भिंतीवर पोस्टर लागलंय – 'इथे तुमचा शब्द चालतो'. पोस्टरवरची बाई इतकी छान हसतेय की तिनं जन्मात ओली चादर उचललेली नाही हे लगेच कळतं.

पण मला खरंच बरं वाटलं. बारा वर्षं मी स्वतः इस्त्रीच्या रोलरवर दवाखान्यांच्या चादरी घातल्या. एकदाही कुणी विचारलं नाही, बाई, तुझं काय म्हणणं? सुपरवायझर होऊन आठ महिने झाले. आता मी विचारणार.

५ मार्च

कुणी बोललंच नाही. पाच मिनिटं सगळ्या पंख्याकडे बघत उभ्या. शेवटी घडी घालणारी म्हणाली, "चहा जरा गरम मिळाला तर..." लिहिलं.

६ मार्च

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर रजिस्टर, बोट चहावर. "हे वर जातं, मॅडम. वरच्यांना वाटतं इथे असंतोष आहे. तुम्ही तिथल्या तिथे मिटवा ना. तेवढ्यासाठीच तर तुम्हाला अधिकार दिलाय." मग रकान्यात काय लिहू? "काही नसलं की निरंक लिहायचं."

काही नव्हतं असं नाही. चहा गारच होता. पण मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

११ मार्च

निरंक. महिनाभर निरंक राहिलेल्या पाळीला बोर्डावर सोनेरी चांदणी मिळणार म्हणे.

१४ मार्च

निरंक. आज फिटरने रोलरचा दांडा तारेनं बांधून टाकला. रोलरच्या तोंडाशी हा दांडा आडवा असतो. चादरीबरोबर बोटं फार पुढे गेली की त्याला लागतात आणि रोलर थांबतो. हल्ली तो उगाचच थांबवायचा, दिवसातून वीस वेळा. चादरींचा ढीग साचायचा, वरून फोन यायचे. "पार्ट मागवलाय, आठवड्याचा प्रश्न आहे," फिटर म्हणाला. "माझं नाव मात्र कुठे लिहू नका."

१९ मार्च

'मोकळं बोला'मध्ये आज धाकटी बोलली. धाकटी म्हणजे माझी जाऊ. दोन वर्षांपूर्वी मीच तिला इथे चिकटवलं; मी सुपरवायझर झाल्यावर ती माझ्याच जुन्या जागी, रोलरवर आली. म्हणाली, "मॅडम, दांडा बांधलाय. मला भीती वाटते."

घरी ती मला ताई म्हणते. कामावर मॅडम म्हणायचं हे मीच तिला सांगितलंय – इथे नातं नको, लोक नावं ठेवतात.

सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, पार्ट येतोय. आणि लिहिलं – निरंक. घरच्या माणसाची तक्रार लिहिली तर लाड चाललेत म्हणतील, असं मी मनाला समजावलं. खोटं आहे ते! चांदणी मिळालेल्या सुपरवायझरला कायम करतात. मी अजून तात्पुरती आहे. हे खरं कारण.

२३ मार्च

घरी भांडी घासताना धाकटीनं विचारलं, "ताई, मी घरी सांगू की तिकडे सांगू? कुठे सांगितलं की तुम्हाला ऐकू येईल?"

मला रागच आला. "काढ की एक आठवडा!" म्हटलं. ती एकच पातेलं घासत राहिली.

२७ मार्च

पार्ट नाही. धीर करून साहेबांना तोंडी सांगितलं. "लेखी तक्रार आहे कुणाची?" नाही म्हटलं. "मग तक्रारच नाही ना!" आणि हसले. मीही हसले. कशाला हसले मी?

२ एप्रिल

धाकटीनं लाल बटण दाबलं. महिन्याभरात पहिल्यांदाच कुणी दाबलं. रोलर थांबला आणि अख्खी शेड गप्प झाली. ती म्हणाली, "दांडा सोडवा, मग घालते चादर."

साहेब वरच्या केबिनच्या काचेतून बघत होते. खाली उतरले नाहीत. नुसतं मनगटावरच्या घड्याळाला बोट लावलं.

बटण दाबल्यावर मशीन परत सुरू करायची किल्ली माझ्याकडे असते. सुपरवायझरने खात्री करून सुरू करावं, असा नियम. मी दांड्याकडे नुसतं बघितलंसुद्धा नाही. किल्ली फिरवली. म्हटलं, "घाला."

तिनं माझ्याकडे बघितलं. "बरं, मॅडम," म्हणाली आणि चादर उचलली.

बटण दाबलं की एक पत्रक भरायचं असतं. भरलं नाही. रजिस्टरात निरंक. महिना भरायला चार दिवस राहिलेत.

३ एप्रिल

दुपारी अडीच वाजता. उजवा हात.

बटण उजव्या बाजूला आहे. डाव्या हातानं तिला पोचता येईना. घडीवाली धावत आली, तिनं दाबलं.

लिहवत नाही.

५ एप्रिल

तीन बोटं काढावी लागली. अंगठा आणि करंगळी वाचली.

दवाखान्यात तिच्या अंगाखाली आमचीच चादर, कोपऱ्यात आमचा शिक्का. मी उशी सरळ करायला गेले. डोळे न उघडता म्हणाली, "राहू द्या, मॅडम."

दीर उठून बाहेर गेले. आमचे हे खिडकीशी उभे राहिले. मला दोघं बोलले असते, मारलं असतं तरी चाललं असतं. पायाखालची फरशी फाटून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. हात धुवायला नळाखाली धरला की पाची बोटं मोजते.

८ एप्रिल

चौकशीला बाहेरून अधिकारी बाई आल्या. साहेबांनी रजिस्टर पुढे केलं. "रोज पाच मिनिटं आम्ही सगळ्यांना विचारतो. महिनाभरात एक चहा सोडला तर तक्रार नाही. मशीन उत्तम आहे. त्या बाईंचंच लक्ष नव्हतं."

दांडा मोकळा होता. तार गायब. फिटर म्हणतो, "कसली तार?"

प्रत्येक निरंकखाली माझी सही. बायकांना विचारलं तर सगळ्या माना खाली घालून उभ्या. त्यांना कुठल्या तोंडानं बोलू? गप्प राहायला मीच तर शिकवलं.

अधिकारी बाई जाताना मला म्हणाल्या, "कुणी आधी काही सांगितलं असेल, कुठे लिहिलेलं असेल, तर शुक्रवारच्या आत द्या. नाहीतर चूक त्यांचीच धरावी लागेल." चूक तिची ठरली की तिला कायमची घरी बसवतील. आणि रोलरवर दुसरी उभी करतील.

माझ्याकडे कुठला कागद असणार!

९ एप्रिल

शाळेआधी धाकटीच्या मुलीची वेणी घातली. "आई घट्ट घालते," म्हणाली. सोडून परत घातली. आता आईला घालता येणार नाही हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

साहेबांनी माझं कायम झाल्याचं पत्र दाखवलं. नुसतं दाखवलं. "चौकशीचं नीट पार पडू दे, मग सही."

१० एप्रिल

लिहायला वही उघडली आणि पहिल्यांदाच मागची पानं वाचली. १४ मार्चला तार आहे. १९ मार्चला "भीती वाटते". २७ मार्चला साहेब. सगळं तारखेसकट इथे आहे. आणि मी म्हणे कागद नाही!

२ एप्रिलचं पान दोन वेळा चिमटीत धरलं. एवढं एकच फाडलं तर साहेब अडकतील, फिटर अडकेल आणि किल्ली फिरवल्याच्या दोषातून मी सुटेन. पण तिनं बटण दाबलं होतं हे त्या एकाच पानावर आहे.

११ एप्रिल

अधिकारी बाई, ही वही माझी. सगळी पानं आहेत, एकही फाडलेलं नाही. २ एप्रिलचं आधी वाचा.