बेटावरची डोली, चाळीतलं स्ट्रेचर

घाटकोपर
२२ जून २०२०

प्रिय निधी,

तुझा जबडा तारांनी बांधलाय, तुला फोनवर बोलता येत नाही, असं तुझ्या मावशीने चाळीत कळवलं, म्हणून लिहितो. मी चौथी शिकलेला माणूस, अक्षर लागलं नाही तर मावशीकडून वाचून घे. नाही, नको, तूच वाच. चेंबूरच्या त्या घरात वारा येतो का? पातळच घ्यायचंय तर भाताची पेज घे, मीठ घालून. आणि डावा डोळा उघडतो का, एवढं कुणाकडून तरी कळव. मला झोप नाही. जिन्यात पाऊल वाजलं की उठून बसतो.

इकडची बातमी म्हणजे तळमजल्यावरचा सौरभ अजून आत आहे. त्या दिवशी त्याने तुमच्या दवाखान्याच्या गाडीवर लाथा घातल्या, ड्रायव्हरला कॉलरला धरून रस्त्यावर फरफटवलं, हे सगळ्यांनी पाहिलं. पण तुझ्या तोंडावर वीटही त्यानेच मारली, असं पोलिसांनी लिहिलंय. त्याची आई दारात बसून असते. म्हणते, त्याला आत एवढं मारलंय की उजव्या कानाने ऐकू येत नाही. माझ्याकडे बघून म्हणते, काका, तुम्ही तर गॅलरीत होता ना, तुम्हाला वरून सगळं दिसलं असेल. मी आत जातो.

लहानपणी तू आमच्या उंबऱ्यावर बसून बेटाची गोष्ट मागायचीस. खाडीच्या तोंडाशी आमचं सत्तर घरांचं बेट. साहेबाच्या राज्यात तिथे प्लेग आला. गोरे शिपाई होड्यांतून उतरले, बायकांच्या काखा चाचपून गाठी शोधायला लागले, घरांची कौलं उतरवून टाकली, अंथरुणं जाळली. ज्याला ताप, त्याला डोलीत घालून पलीकडच्या छावणीत न्यायचे. गेलेला परत यायचा नाही. माझे आजोबा राजाराम तेव्हा सोळा वर्षांचे. त्यांनी तापलेल्या आईला भाताच्या कणगीत बसवलं आणि वरून तूस ओतलं. शिपायाने कणगीला हात घातला तसं आजोबांनी वल्हं उचललं आणि त्याचं डोकं नारळासारखं फोडलं. इथे तू टाळ्या वाजवायचीस. म्हणायचीस, आजोबा, परत सांगा ना, डोकं फोडल्याचं.

पुढचं मी तुला कधी सांगितलं नाही, चाळीत कुणालाच नाही. आजोबांनी मरताना एकदाच मला सांगितलं होतं. तो शिपाई नव्हता गं. गोराही नव्हता. डोली उचलणारा आपलाच गरीब माणूस होता, रोजावर आलेला. शिपाई बाहेर विडी ओढत उभे होते. त्याने तूस बाजूला केलं, आत बाई दिसली, तर म्हणाला, आई, हात द्या. तेवढंच बोलला. आजोबांनी एकदा नाही, चारदा मारलं, वल्हं मोडेपर्यंत. मग शिपायांनी वाडीतल्या सात जणांना माडांना बांधून चाबकाने सोलून काढलं. आजोबा त्या सातांत नव्हते. ते कणगीमागे होते. आणि आई घरातच राहिली म्हणून तिचा ताप शेजारी गेला, तिथून अख्ख्या बेटावर. पावसाळा संपला तेव्हा एकोणीस माणसं उरली होती. आजोबा बोट दाखवून मला म्हणाले होते, दत्ता, ही गोष्ट वल्ह्यापर्यंतच सांग. मी जन्मभर तसंच केलं.

त्या दिवशी तू प्लास्टिकचा डगला घालून वर आलीस. तोंडावर पट्टी, डोळ्यांवर काच. मी ओळखलंच नाही. तू म्हणालीस, आजोबा, मी निधी, आजींचा ऑक्सिजन फार खाली गेलाय, आता नाही नेलं तर उशीर होईल. मी म्हणालो, आमच्या घरातून माणूस उचलून नेणार तुम्ही? तू म्हणालीस, आजी बऱ्या झाल्या की मीच आणून सोडते, उगाच भांडू नका. मग स्ट्रेचर मागवायला खाली गेलीस. खाली सौरभ आणि पोरं तुमच्या गाडीला भिडली होती. काचा फुटल्या. तू मध्ये शिरलीस, दोघांनी तुला भिंतीवर आपटलं, तरी उठलीस. स्ट्रेचर ओढून जिन्याच्या तोंडाशी आणलंस आणि वर पाहिलंस. मग तुझं तोंड फुटलं. तू पायरीवर तशीच बसलीस, दात ओंजळीत घेऊन. गाडी तुला घेऊन गेली. स्ट्रेचर जिन्यातच राहिलं.

तुझी आजी, माझी राधा, चौथ्या दिवशी गेली. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखी तोंड उघडं करून. मी वारा घालत होतो. घरात दुसरं काय होतं?

निधी, वीट नव्हती ती. पाट्यावरचा वरवंटा होता, आमचा. मी गॅलरीतून दोन्ही हातांनी उचलून सोडला. तू वर बघत होतीस, मला बघत होतीस, आणि मी सोडला. त्या घटकेला मला बेटच दिसत होतं, असं म्हणणार होतो. पण खोटं आहे. मला तू दिसत होतीस. भीती होती, आणि भीतीत एक चव होती, ती आजोबांच्या गोष्टीतून मला लागलेली. गोंधळात सुनेने वरवंटा वर आणला, धुतला, जागेवर ठेवला. परवा मी तो पिशवीत घालून पोलिसांकडे गेलो. साहेब हसले. म्हणाले, आजोबा, वय काय तुमचं? एकोणऐंशी? बायको गेलीय, डोकं फिरलंय तुमचं, घरी जा, बीपीची गोळी घ्या. जखमी मुलीनेच कागदावर लिहून दिलंय की मान खाली होती, कुणी मारलं ते दिसलं नाही. तू माझ्यासाठी हे लिहिलंस, मला माहीत आहे. लिहायला नको होतंस गं. सौरभला येत्या सोमवारी पुन्हा कोर्टात उभं करणार आहेत. माझं कुणी ऐकत नाही, तुझंच ऐकतील. हात चालतोय ना तुझा? मग दुसरा कागद घे आणि माझं नाव लिही. पूर्ण लिही, दत्ताराम धोंडू राऊळ, पहिला मजला, खोली अकरा. मी दार उघडं ठेवून बसलोय.

तुझाच, अजून म्हणावंसं वाटलं तर,
दत्ताराम आजोबा